गणती बरोबर, वजन कमी

दुपारचे चार वाजले की गुलाबभाऊंच्या दारात पत्रू येतो. दिसत नाही, हाक तेवढी येते: "भाऊ, दिवा घ्या." पत्रूला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गुलाबभाऊ चारला रेडिओ मोठा करतात, पण हाक काही बुडत नाही.

चंद्रपूरजवळच्या एका भुयारी कोळसा खाणीत ते लॅम्परूम सांभाळायचे. खाली उतरताना माणसाचा पितळी बिल्ला खिळ्यावरून निघायचा आणि टोपीचा दिवा त्याला मिळायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. तोंड पाहूनच दिवा घ्यायचा असा नियम होता, पण नियम काय, साहेब आले की पाळायचे! इतवारी नावाचा कामगार रोज आपला आणि जोडीदार पत्रूचा, दोन्ही दिवे आणून द्यायचा. एक दिवस चारला पाळी सुटल्यावर त्याने एकच दिवा ठेवला आणि पत्रू मागून येतोय असं समजून घरी गेला. गप्पांत रंगलेल्या गुलाबभाऊंच्या हाताने सवयीने दोन बिल्ले अडकवले.

बिल्ल्यांच्या फळ्यावर सगळे वर आलेले, म्हणून शोधायला कोणी गेलं नाही. खाली छत कोसळलेल्या गल्लीत पत्रू तासन्‌तास पडून राहिला. सापडला तेव्हा जीव नव्हता. चौकशीत ठरलं, बिल्ला खिळ्यावर आहे म्हणजे हा वर आला, दारू पिऊन परत आत शिरला. गुलाबभाऊ गप्प बसले. भ्याले, दुसरं काय!

आणि आज पत्रूची मुलगी हर्षाच समोर बसली होती. धानोऱ्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी तिला खाणीतला जुना दिवा हवा होता.

"कोळशाच्या बाजूले सूर्य मांडून राह्यली मी, काका. सूर्याच्या पोटात अणूंचे हलके गाभे एकमेकांत मिसळतात. तेच इथी मशीनमधी कराचं."

तिने ताटलीत फुटाणे मांडले. "हायड्रोजनचे दोन प्रकार. एकाच्या गाभ्यात दोन कण, दुसऱ्याच्या तीन. जुळले की चार कणांचा हेलियम होते, एक कण सुटा उडते. पाच गेले, पाच निघाले. पण वजन कराल तं कमी भरते. जे कमी पडलं, त्याचीच ऊर्जा. चिमूटभरात ट्रकभर कोळशाचं काम, अन् धूर नाई."

"मंग चालू काऊन नाई?"

"कोटी-कोटी अंश ताप लागते. भिंतीले न लागू देता चुंबकानं धरून ठेवा लागते. अजून त्याची वीज कुठीच घरात पोचली नाई. पोचली, की कोणाच्या बापाले खाली उतरा लागणार नाई."

गुलाबभाऊ फुटाण्यांकडे बघत राहिले. "गणती बरोबर, अन् वजन कमी?"

"हो. म्हणून नुसतं मोजून समजत नाई."

चार वाजले. "भाऊ, दिवा घ्या." हर्षाला काही ऐकू आलं नाही. रेडिओकडे न जाता गुलाबभाऊंनी सगळं सांगून टाकलं, एकच दिवा, दोन बिल्ले, आपली चुप्पी.

ताटलीतला एक फुटाणा हर्षाने बोटाने बाजूला सारला.

"माय रोज सांगे, बाबा कधी पेत नव्हते," ती म्हणाली. "मीच नाई मानलं, काका."