दाजींची लेन्स अर्नाळ्याला जाऊन आली

निघण्यापूर्वी दाजींनी मला नायगावच्या चौदाव्या मजल्यावर अर्धा तास उभं केलं. मी साताऱ्याहून बहिणीकडे आलेला पाहुणा. कॅमेरा माझा, पण लांबचं टिपणारी लेन्स दाजींची. "वाऱ्यात बदलायची नाही. फुंकर मारायची नाही. काचेला बोट लागलं तर तोंड दाखवू नकोस." ताईची पाठवणी करताना आम्हीसुद्धा त्यांना एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या.

विरारहून रिक्षा नंदाखालच्या नारळी-केळीच्या वाड्यांतून निघाली. वाटेत सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) घेतली, पण हात चिकट होतील म्हणून खाल्ली नाहीत. धूळ नको म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवला. अर्नाळ्याला पोचेपर्यंत लेन्स सुखरूप होती, फोटो मात्र एकही नव्हता.

किनाऱ्यावर वलांडींवर (बांबूंच्या मांडवांवर) बोंबील वाळत होते. बेटावरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसल्यावर मला राहवेना. लेन्सचं झाकण काढलं आणि लाट होडीच्या कडेला आपटून काचेवर पाणी उडालं. मी घाईघाईनं सदऱ्याचं टोक पुढे केलं, तोच समोरच्या चष्मेवाल्या कोळीण मावशींनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको रं बाला. खारं पानी हाय. मीठ घासलंस तं चरे परतील."

"मग काय करू?"

"आदी पियाच्या पान्यानं भिजव. माजा पयला चश्मा पदरानं पुसून पुसून आंधला केला मी."

दाजींनी दिलेलं मऊ फडकं त्यांनी आपल्या बाटलीतल्या पाण्यानं ओलं केलं आणि काच न घासता नुसती टिपली. काच लख्ख झाली, आणि कडेला एक बारीक चरा दिसला. मी तो मावशींना दाखवला.

"ह्यो आजचा नाय," मावशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या. पण हे दाजींना कोण पटवणार? किल्ला पाहिला खरा, पण आज विचाराल तर त्याचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे तेही सांगता येणार नाही.

संध्याकाळी बाल्कनीत लेन्स दाजींपुढे ठेवली आणि लाटेपासून चऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग बाल्कनीचं दार लावून घेतलं.

"चरा माझा आहे," ते हळूच म्हणाले. "गेल्या वर्षी राजोडीच्या समुद्रावर शर्टानं पुसली. तुझ्या ताईनं वाढदिवसाला दिलेली. तिला बोलू नकोस."

दिवसभर मी दाजींच्या धाकात होतो आणि दाजी वर्षभर ताईच्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ते मला घरचे वाटले त्या संध्याकाळी.