काचेमागचा विदर्भ

वसुधाताई गेल्याचं मला ऑफिसातल्या टेलिफोन बोर्डावरच कळलं. मी तिथे ऑपरेटर. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कुमुदताईंचा आवाज आला, "भाऊ, ताई गेली गा सकाळी..." पुढचे कॉल वाजत राहिले.

नागपूरच्या अंधशाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवत. नकाशा ही डोळसांची भानगड, असंच आम्ही धरून चाललो होतो. एका उन्हाळ्यात ताईंनी प्लायवूडवर विदर्भ उभा केला. नद्यांना सुतळी, डोंगरांना सरसात कालवलेला लाकडाचा भुसा, गावांना गोल डोक्याचे खिळे. चिकटवलेलं वाळलं की स्वतः डोळे मिटून बोट फिरवायच्या. अडखळलं, की उखडून पुन्हा. माझं बोट धरून त्यांनी नागपूरवरून काटोलला नेलं, तिथून जरा वर. "हे नरखेड. तुझं गाव याच्याच बाजूले."

"इतकं जवळ? मंग घरचे काहून येत नाहीत?"

ताईंनी माझं बोट पुन्हा त्याच खिळ्यावर टेकवलं.

देशकर सर आमचे अधीक्षक आणि ताईंचे कॉलेजातले मित्र. "मोठे पाहुणे येऊन राहिले, वसुधा. प्रदर्शनापुरता दे. मुलांचा नकाशा मुलांकडे परत येईल, माझा शब्द." मित्राचा शब्द; ताईंनी नकाशा दिला. आम्ही हौसेनं प्रदर्शनात गेलो, तर बोटांना गार काच लागली. "हात नका लावू!" शिपाई खेकसला. ताईंनी पाटी मोठ्यानं वाचली. संकल्पना म्हणून सरांचं नाव होतं. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. "काच काढा" एवढंच सरांना म्हणत राहिल्या.

"पाहुण्यांसमोर तमाशा नको," सर म्हणाले.

नकाशा शाळेत आलाच नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात, काचेच्या कपाटात गेला. ताई कित्येक वर्षं मागत राहिल्या, मग मागणं सोडलं आणि सरांशी बोलणंही. पुठ्ठ्याचे लहान नकाशे करून त्या थेट मुलांच्या हातात देऊ लागल्या.

परवा संस्थेच्या कार्यालयातल्या शोकसभेत सर बोलले, "वसुधानं आणि मी मिळून..." मला राहवलं नाही. उठून विचारलं, "सर, तो नकाशा कुठे आहे?"

"अरे, जसाच्या तसा आहे!" त्यांच्या आवाजात अभिमान होता. "इतक्या वर्षांत कोणालाही हात लावू दिला नाही."

सभा संपल्यावर कुमुदताई मला त्या कपाटापाशी घेऊन गेल्या. कुलूप होतं. मी काचेवर तळहात टेकवून उभा राहिलो. त्या हळूच म्हणाल्या, "आत काय काय आहे, सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "कोणाले सांगावं लागू नये, म्हणूनच तर ताईनं तो केला होता."