उजेड फाकता कामा न्हये

आख्ख्या माधवनगरात अंधाराशी वैर धरलेलं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे माझी मामी. बाकीचे लोक अंधार पडला की दिवा लावत आणि विषय संपवत. मामीला अंधार पडणं हीच आगळीक वाटे, आणि दुकानात मिळणाऱ्या बॅटऱ्या म्हणजे त्या आगळिकीला सामील झालेले फितूर. हातात धरायच्या टॉर्चला आमच्याकडं बॅटरीच म्हणत, आणि त्या टॉर्चच्या तोंडात बल्बमागं जो चकचकीत वाडगा असतो, त्याला मामी ‘वाटी’ म्हणायची. कुणाच्याही हातात नवी बॅटरी दिसली की ती मागून घ्यायची, पुढची काच फिरवून काढायची, वाटीत एक डोळा घालून बघायची आणि ज्याची त्याला परत द्यायची. “पापड हाय ह्यो. पत्रा दाबलाय नुस्ता. उजेड फाकणारच.” ज्याची बॅटरी असे त्याचं तोंड उतरायचं. मामीला त्याचं काही वाटत नसे. तिच्या मते बॅटरीचा उजेड कसा असावा, तर भाला फेकल्यासारखा. सगळीकडं थोडा थोडा सांडणारा उजेड तिला सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या माणसासारखा वाटायचा, म्हणजे बिनकामाचा.

मामी कासाराघरची. लहानपणी बापाच्या दुकानात पितळी भांड्यांना चकाकी आणून आणून तिची बोटं अशी तयार झाली होती की, डोळे मिटून ताटावरून अंगठा फिरवला तरी कुठं पोचा आहे ते सांगायची. शिक्षण सातवी. मामा माधवनगरच्या एका गिरणीत फिटर होते, आणि बोलण्याचं सगळं खातं त्यांनी लग्नातच मामीच्या नावावर केलं होतं. घराच्या ओट्यावर बसून मामी लोकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायची. दुरुस्तीला आलेल्या माणसाला आधी बोलणी बसायची, मग दुरुस्ती व्हायची. पंगतीत बसली तर वाढप्याची पळी हातात घेऊन तिच्यात तोंड बघायची. एकदा आष्ट्यात एका श्रीमंत बागायतदाराच्या घरी तिनं भर पंगतीत सांगितलं, “पळीत माझं नाक वाकडं दिसतंय. माझं नाक सरळ हाय.” बागायतदारानं पळी बदलली.

माझं लग्नही आष्ट्यालाच झालं. जेवणं चालू असताना वीज गेली. पन्नास घसे एकदम ओरडले, “मामी, बॅटरी!” मामी स्वतः घासून सुधारलेली बॅटरी काढत म्हणाली, “ही बॅटरी जेवायची न्हवं, लांब बघायची हाय.” तरी आग्रह झाला म्हणून तिनं मांडवाच्या या टोकाला उभं राहून बटण दाबलं. पंगतीत अंधार तसाच राहिला. फक्त पार त्या टोकाला ताटाएवढा एक लख्ख गोल पडला, आणि त्या गोलात माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू कोटाच्या खिशात जिलेबी भरताना दिसले. मामीनं हात हलवला नाही. त्यांनीही हलवला नाही. वीज येईपर्यंत दोघं तसेच होते. पुढं वर्षभर माझ्या सासुरवाडीत मामीचं नाव निघालं की लोक विषय बदलत. “मी काय केलं?” मामी म्हणायची, “जे हुतं त्ये दिसलं.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका हिवाळ्यात माण तालुक्यातला एक म्हातारा मेंढपाळ ओट्यावर आला, आणि प्रकरण हसण्याच्या पलीकडं गेलं. माणातले मेंढके हिवाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठच्या रानात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत जातात. या म्हाताऱ्यानं सांगलीतून नवी बॅटरी घेतली होती. ती मामीसमोर ठेवून तो म्हणाला, “आक्का, हिच्यात उजेड लय हाय. पर त्यो माज्याच पायात लोळतुया. लांडगं माळाच्या त्या कडंला ऱ्हातंय. कुत्री भुकत्यात, मी बॅटरी मारतो, मला माजी पायताणं दिसत्यात. गेल्या साली सात कोकरं गेली.”

मामीनं त्याच्या बॅटरीची काच काढली नाही. वाटीत डोळा घातला नाही. म्हाताऱ्याकडंच बघत राहिली. मग म्हणाली, “माळ किती लांब?”

“हाक मारली तर पोचती, पर सबूद कळत न्हाई, एवढा.”

“जावा तुमी. जायच्या आदी बॅटरी घिऊन जावा.”

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. मी सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायचो, म्हणून मला बोलावणं आलं. सगळा उजेड समोर सरळ जावा यासाठी वाटीचा उतार नेमका कसा हवा, हे मी तिला सांगायचं होतं. मी आलेखाच्या कागदावर वक्र काढला, समीकरण मांडलं आणि समजावायला लागलो. दोन मिनिटं ऐकून मामी म्हणाली, “मास्तर, तुजा क्ष तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. मला पत्र्यावर कापून दे.” मी पत्र्याचा फर्मा कापून दिला. तो तिनं कानशीनं घासून पुन्हा कागदावर ठेवून बघितला आणि मला माझ्याच रेघेतली एक चूक दाखवली. चूक केसभर होती. खरी होती.

मामांनी बाभळीचा ठोकळा त्या फर्म्याबरहुकूम कातला आणि पाळी संपल्यावर गिरणीच्या लेथवर तो फिरवत त्याच्यावर पितळेचा पत्रा दाबून दाबून वाटी घडवली. चांगली ताटलीएवढी वाटी. ती घेऊन गेटबाहेर पडताना पहारेकऱ्यानं पिशवी उघडली आणि मामा थेट मॅनेजरसाहेबांपुढं उभे राहिले. गिरणीच्या लेथवर खाजगी काम! दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पदर खोचून गिरणीत गेली. सोबत मी होतो, म्हणजे तिच्या मागं चार पावलं.

“वाटी माजी हाय. काम मी सांगिटलं,” मामी म्हणाली. “शिक्षा करायची तर मला करा.”

“तुम्ही आमच्या नोकरीत नाही, बाई.”

“न्हाई, म्हून तर भिऊन बोलत न्हाई.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण खात्यातले दहाजण दारात उभे राहून ऐकत होते. “आठ दिवस बिनपगारी,” ते मामांना म्हणाले. “आणि पुन्हा असं झालं तर कायमचं घरी.” बावीस वर्षांच्या नोकरीत मामांना कुणी ताकिदीचा एक कागद दिला नव्हता. मामीनं टेबलावरची वाटी उचलली. “पत्रा आमचा हाय,” ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आम्ही बाहेर आलो.

घरी आल्यावर मामी मामांपुढं पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, “आवं, चुकलं का माजं?” तिला असं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मामा पाणी प्यायले. वाटी उजेडात तिरकी धरून त्यांनी बघितली. म्हणाले, “आतल्या अंगाला अजून वळ दिसतोय. त्यो काढाय पायजे.”

मग त्या आठ दिवसांत दोघांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. मामीच्या पायानं चालवायच्या शिलाई मशीनच्या चाकावर मामांनी वाटी बसवली. मामा पाय मारायचे आणि मामी फिरत्या वाटीला आतून घासायची. आधी चिंच आणि विटेची भुकटी, मग राख, मग सोनाराकडून आणलेली तांबडी पूड, मग मलमल आणि शेवटी नुसता तळहात. शेजारणी विचारायच्या, “आवं, घरात खायाला हाय का?” मामी म्हणायची, “हाय. आन दिसायलाबी हाय.” वाटी निकेलचा मुलामा चढवायला सांगलीतल्या कारागिराकडं दिली, तर त्याला तिनं तीनदा काम खरवडायला लावलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “बाई, बॅटरीच हाय न्हवं? आरसा न्हवं!” मामी म्हणाली, “आरशात माणूस सोताला बघतंय. हिच्यात दुसरं दिसाया पायजे. चौथ्यांदा कर.”

बॅटरी तयार झाली तेव्हा मेंढपाळ त्या साली लवकरच माणात परत गेला होता. आठ दिवसांचे महिने झाले होते. तरी एका संध्याकाळी गल्लीतले सगळे जण शेतात जमले आणि मामीनं लांबच्या देवळाच्या भिंतीवर उजेड टाकला. भिंत उजळली, पण मधोमध काळा ठिपका. उजेडाचं कडं होतं आणि आत भोक. गल्ली हसून लोळली. “मामीच्या उजेडाला भोक!” पोरं नाचायला लागली. मी खाली मान घातली, कारण बल्ब कुठं बसवायचा ते माप माझं होतं.

मामी हसणाऱ्यांकडं वळली. “भोक सारकं गोल हाय,” ती म्हणाली. “वाटी वाकडी असती तर भोकबी वाकडं पडलं असतं. हसा तुमी.” रात्रभर तिनं बल्ब काढून घालून बघितले. सकाळी मला म्हणाली, “तुजं गणित बराबर हाय. बल्बाची तारच दारू प्यालीय.” माझं माप तार नेमकी मधोमध आहे असं धरून होतं, आणि प्रत्येक बल्बातली तार थोडी पुढंमागं, थोडी तिरकी बसलेली होती. मग मामांनी बल्बाच्या बुडाला आटे पाडले, म्हणजे बल्ब फिरवून पुढंमागं सरकवता येईल. मामी दुकानात जाऊन एकेक बल्ब उजेडाला धरून तार बघत बसली. दुकानदार वैतागून म्हणाला, “बल्ब निवडताय का वांगी?”

“वांगी एवडी वाकडी नसत्यात,” मामी म्हणाली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे आम्ही दोघं एसटीनं माणात दहिवडीला निघालो. बॅटरी मामीनं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. एका बाईनं बाळ समजून तिला खिडकीची जागा दिली. मामीनं ती घेतली आणि बाळ कितव्या महिन्याचं विचारल्यावर गंभीरपणे म्हणाली, “पाचवा लागलाय.”

मेंढपाळाची वाडी माळाच्या कडेला होती. दिवेलागण झाली, मेंढरं वाघरात कोंडली, जाळ्याच्या त्या कुंपणाबाहेर कुत्री बसली. आम्ही पोचून भाकरी खाऊन होतोय तोवर कुत्री उठली आणि एकाच दिशेला भुंकायला लागली. म्हाताऱ्यानं मामीकडं बघितलं. मामीनं बटण दाबलं. उजेडाची सरळ काठी माळावरून निघाली. कुठं सांडली नाही, फाकली नाही. लांब, हाकेचा शब्द विरेल तिथं, एका खडकाशेजारी दोन हिरवे ठिपके पेटले.

“त्योच,” म्हातारा हळूच म्हणाला. मग ओरडला. पोरं दगड घेऊन धावली, कुत्री सुटली. मामीनं उजेड त्या डोळ्यांवरून ढळू दिला नाही. लांडगा डावीकडं वळला, उजेड डावीकडं. तो थांबला, उजेड थांबला. शेवटी तो पाठ फिरवून चढ चढून गेला, आणि त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मामीनं उजेड हटवला नाही. मग तिनं बटण बंद केलं. बॅटरी गोधडीत गुंडाळत ती मला म्हणाली, “लय वाळलंय रं बिचारं.”

म्हाताऱ्यानं मामीच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली. त्या पावसाळ्यात त्याचं एकही कोकरू गेलं नाही. ही बातमी कशी कोण जाणे, गिरणीपर्यंत पोचली. साहेबांनी पहारेकऱ्याबरोबर निरोप पाठवला की गिरणीच्या गस्तीला तसली एक बॅटरी हवी. मामीनं उलटा निरोप पाठवला, “लेथ द्या, बॅटरी घ्या. पर लेथ उजळ माथ्यानं.” महिनाभर काही उत्तर आलं नाही. मग एका रविवारी मामा पिशवी न लपवता गिरणीत गेले.

पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून मामीनं अशा अकरा बॅटऱ्या केल्या. सांगलीतला एक व्यापारी शेकड्यानं मागत होता, वाटी साच्यात दाबलेल्या पत्र्याची असली तरी चालेल म्हणत होता. त्याला तिनं चहा पाजून परत पाठवलं.

पुढं दहाएक वर्षांनी मामीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. घासकामाची पूड, उतारवय, काय असेल ते. ऑपरेशनला मी तिला मिरजेला घेऊन गेलो. तरुण डॉक्टरांनी तपासायला बारकी बॅटरी तिच्या डोळ्यावर धरली, तशी मामी म्हणाली, “डाक्टर, तुमचा उजेड फाकतुया.” डॉक्टरांनी बॅटरी उलटी करून बघितली. ऑपरेशन झाल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि मान न हलवता पडून राहायला सांगितलं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. तिला झोप लागली असं समजून गप्प होतो. बऱ्याच वेळानं तिचा हात चादरीवरून चाचपडत आला. पितळेवर फिरून फिरून तिचा तळवा गुळगुळीत झाला होता. त्यानं माझं मनगट धरलं.

“हाईस न्हवं रं?”

“आहे, मामी.”

“मग बोलत ऱ्हा कायतरी.”

“काय बोलू?”

“कायबी. शाळंचं बोल, पोरांचं बोल.” तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. “इकडचं तिकडचं फाकलं तरी चालतंय.”