बाबूच्या प्रेसची सरासरी

अँजेलिना डाबरे गिरीजची. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेली, आणि १९९८ साली वसई पूर्वेच्या एका छोट्या कारखान्यात माल तपासणारी. तिथे कुकरच्या रबरी रिंगा बनत. रबर साच्यात दाबणारे तीन प्रेस, तीन कारागीर. त्या वर्षी माल परत यायला लागला. रिंगा कुठे जाड, कुठे पातळ, वाफ निसटते.

मालक स्वरूपसाहेबांनी तिन्ही प्रेसच्या रिंगांची जाडी मोजायला लावली आणि सरासऱ्यांवरून नजर फिरवली. "बाबूची सगळ्यात कमी. त्याला काढतो."

"साहेब, सरासऱ्या थोड्या वरखाली होणारच. मला नीट तपासू द्या."

तिने प्रत्येक प्रेसच्या रिंगा नव्याने मोजल्या. कॅल्क्युलेटरवर फरकांच्या वर्गांच्या बेरजा करताना मध्येच आकडा चुकला, तेव्हा सगळं पहिल्यापासून केलं. प्रश्न सरळ होता. एकाच प्रेसच्या रिंगांमध्ये जो फरक पडतो, त्याच्या मानाने तीन सरासऱ्यांमधला फरक मोठा आहे का? त्या दोन फरकांचं गुणोत्तर एकच्या जरा वर आलं. सरासऱ्यांमधला फरक खरा मानायला पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे ते तीनच्याही वर हवं होतं. एकाच दुपारी, एकाच प्रेसमधून जाड रिंगही पडत होती आणि पातळही. तिन्हीकडे तेच.

"म्हणजे दोष बाबूचा आहे असं यातून दिसत नाही," ती म्हणाली. "रबरच एकसारखं येत नसेल. ते बघूया."

"रबर माझ्या मेव्हण्याकडून येतं."

"पण साहेब…"

"बाबूची सरासरी कमी आहे की नाही?"

"आहे. पण तेवढी कमी नुसती योगायोगानेही…"

"आहे ना? मग झालं."

तिने पुन्हा समजावलं, कागदावर ठिपके काढून दाखवले. साहेब फोनवर बोलत राहिले. शनिवारी बाबूचा हिशेब झाला.

रविवारी ती उमेळ्याला त्याच्या घरी गेली. बाबू ओट्यावर बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हंजे मी चांगला काम करत होतो, असंच ना, बाई?"

हो म्हणावंसं तिला फार वाटलं. पण तिच्या आकड्यांना एवढंच सांगता येत होतं, की तो इतर दोघांपेक्षा वेगळा दिसत नाही. तेच तिने सांगितलं, आणि सांगताना स्वतःचाच राग आला. त्याच्या बायकोने चहा आणला.

बाबूच्या प्रेसवर नवा माणूस आला. महिनाभराने माल परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. आता साहेब रबराकडे बघतील, असं तिला वाटलं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तिघांच्या सरासऱ्या काढा," ते म्हणाले. "या वेळी कोणाची कमी आहे, बघू."

अँजेलिनाने मोजायचं यंत्र उचललं आणि पहिल्या प्रेसकडे गेली. दुसरी नोकरी मिळेपर्यंत ती मोजत राहिली.