बाबांनी काशीला सोडलेलं रताळं

आज एकादशी. सकाळपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा तिच्या अस्थी घेऊन काशीला गेले. तिथं खाण्यातलं काहीतरी कायमचं सोडायची रीत आहे. लोक हुशारीनं नावडती भाजी सोडतात. बाबा रताळं सोडून आले. आई दर एकादशीला तूप-गुळात रताळ्याचे काप करायची, त्यावर त्यांचा लई जीव.

तेव्हापासून उपवासाला नुसता चहा आणि केळं. मला बघवेना. काल औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात जांभळं कोनफळ दिसलं. उपवासाला चालतं, आणि रताळंही नाही. आज आईसारखेच काप केले.

"बाबा, खा. हे कोनफळ आहे. वेल वेगळा, कंद वेगळा. तुमचा नेम मोडत नाही."

बाबांनी ताटली जवळ ओढली, वास घेतला आणि हळूच परत सरकवली.

"व्हय गं, रताळं नाय हे, कळतंय मला. पण मी काय नुसतं रताळं सोडलं व्हतं का?"

काप ओट्यावर तसेच झाकून ठेवलेत. मीही खाल्ले नाहीत.

तुमच्या घरी कुणी काय सोडलंय? का सोडलं, ते विचारलंत कधी?