एका दाढेसाठी तीन दुपारी

बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा डॉक्टरांनी आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावला, तेव्हा कळ थेट कानशिलात गेली. मग तसाच बोळा त्यांनी दुखऱ्या दाढेवर ठेवला. मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. मला बरं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही. त्यांनी हातमोजे काढले आणि इथल्या हिंदीत शांतपणे सांगितलं, "नस मर चुकी है, मैम. दर्द इसीलिए बंद हुआ था."

पडद्यावरच्या एक्स-रेमध्ये माझी दाढ दोन मुळांवर उभी होती. एका मुळाच्या टोकाशी, करड्या हाडात, तांदळाच्या दाण्याएवढी काळी सावली होती. तिला पेरिॲपिकल ॲबसेस म्हणतात, म्हणजे मुळाच्या टोकाशी हाडात साचलेला पू.

ज्यांची दाढ आज ठणकते आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांच्या दाढेचा ठणका आपोआप थांबला आहे, त्यांच्यासाठी अधिक.

सुरुवात जानेवारीत झाली, खव्याच्या गरम जलेबीनं. पाक दाढेला लागला आणि तिच्या आत एक ठोका सुरू झाला, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला. तो अर्धा तास चालला. पुढे चहा, वरण, साधा गरम भात, कशानंही तो सुरू होई आणि फक्त गार पाण्यानं शमे. सातवीच्या वर्गात मी पाण्याचा घोट तोंडात धरून फळ्यावर प्रश्न लिहीत असे, म्हणजे बोलावं लागू नये. मुलींना वाटे, बाई रागावल्या आहेत.

याला इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस म्हणतात, हे मला नंतर कळलं. दाताच्या पोटात मऊ मज्जा असते. तिला एवढी सूज आलेली असते की ती पुन्हा पूर्ववत होत नाही. मी दवाखान्यात वेळ घेतली होती. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी उठले तर ठोका नाही. मुद्दाम कढत चहा त्या बाजूनं प्याले, तरी नाही. मी फोन करून वेळ रद्द केली. माझी चूक ती हीच. दुखणं थांबलं याचा अर्थ मी बरं होणं असा घेतला.

एकोणीस दिवस सुखात गेले. विसाव्या दिवशी जबडा सुजला. दाढ उंच झाल्यासारखी वाटू लागली. तोंड मिटलं की सर्वांत आधी तीच टेकायची.

त्या गार बोळ्याच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी दोन मार्ग मांडले. रूट कॅनाल, म्हणजे दाढ जागेवर ठेवून मुळांतल्या बारीक नळ्या आतून स्वच्छ करायच्या, भरायच्या आणि वर टोपी बसवायची. त्याला तीन खेपा. किंवा एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे दाढ काढणं. त्याला एक खेप. सूज उतरण्यासाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तेवढ्या दिवसांत ठरवायला सांगितलं.

घरी मोहनना, माझ्या पतींना, विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला वाटेल तसं कर. पण तीन वेळा सुट्टी मिळेल का तुला?" प्रश्न प्रेमानंच विचारलेला होता. शाळेत प्रॅक्टिकलचे दिवस होते. मनातल्या मनात मी दाढेला निरोपही देऊन टाकला होता.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि मी जवळच्या पनागर गावचा मटार सोलत बसलो होतो. महाराजपुरातल्या आमच्या घरात फेब्रुवारीपर्यंत हे काम संपत नाही. सासूबाईंच्या तोंडात स्वतःचे असे सहाच दात उरले आहेत, बाकी कवळी. त्यांचा निकाल तयार होता.

"काहून तीन-तीन चकरा मारतेस? काढून टाक अन् मोकळी हो. माझ्या साऱ्या अशाच गेल्या. एका दुपारचं काम. येऊन भाकरी टाकायची मी."

मी सहज विचारलं, बाबांचे दात कसे होते. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"त्यांचे? सारे होते शेवटपर्यंत. दोन दाढांवर टोप्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरकडे सहा चकरा झाल्या होत्या त्यांच्या."

"एकटे जायचे?"

"एकटे काहून? मी जात होते ना सोबत. डबा घेऊन."

त्यांचा हात थांबला नाही. पुढची शेंग मलाच सोलता येईना. हिरवा, कच्चा, गोडसर वास बोटांना चिकटून होता, आणि माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत मी दाढेविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही. सगळे प्रश्न वेळापत्रकाचे होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना दाढेचे प्रश्न विचारले. हिरडीच्या वर टोपी धरण्याइतकी दाढ शिल्लक आहे का? आहे. मुळाला भेग आहे का? दिसत नाही. काढली तर पुढे काय? शेजारच्या दाढा हळूहळू मोकळ्या जागेकडे कलतात, वरची खाली उतरते. म्हणून त्या जागी कधीतरी दुसरा दात बसवावा लागतो, आणि त्याच्याही खेपा असतात. भेग असती, किंवा दाढ हलत असती, तर काढूनच घ्या म्हटलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. एक मूळ वाकडं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "गारंटी नहीं दूँगी. कोशिश पूरी करूँगी." मला ते वाक्य विश्वासार्ह वाटलं. मी रूट कॅनाल निवडलं.

तिन्ही खेपांना सासूबाई सोबत आल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "चलो, घरी बसून तरी काय करून राहिले मी."

पहिल्या दुपारी सुईची टोचणी तेवढी जाणवली. मग अर्धा ओठ परका झाला. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला होता. आत ब्लीचिंग पावडरसारखा वास, आणि पाटीवर पेन्सिल घासावी तसा बारीक सुयांचा आवाज. दुखलं नाही, फक्त जबडा उघडा ठेवून थकला. दुसऱ्या खेपेला नळ्या गटापर्चानं भरल्या. तो रबरासारखा एक चिवट पदार्थ असतो. वाकड्या मुळापाशी डॉक्टर बराच वेळ अडल्या, दोनदा एक्स-रे काढला, मग मान हलवली. तिसऱ्या खेपेला टोपी बसली. तिन्ही संध्याकाळी मोहननी स्वयंपाक केला. तिन्ही वेळा खिचडी झाली, तिसरी बरी होती.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. ती काळी सावली लहान झाली, तर दाढ वाचली असं म्हणायचं. तोवर मी त्या बाजूनं जेवते आहे. दाढेला ऊन-गार कळत नाही, पण चावताना दाब कळतो. तेवढ्याबद्दलही मी डॉक्टरांच्या हातांची ऋणी आहे.

टोपी बसल्यावर मी खुर्चीवरून उतरत होते, तोच दाराशी बसलेल्या सासूबाई उठल्या. पदर सावरत डॉक्टरांना म्हणाल्या, "बेटा, मेरे भी दो दुखते हैं. देख लोगी?" ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या माझ्याच खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी दोन्ही दातांवर आरशाच्या दांड्यानं टकटक केली, एक्स-रे काढला. एक दात हिरडीत फारच सैल झाला होता. तो काढावाच लागणार होता. दुसरा वाचेल, पण तीन खेपा पडतील, असं त्यांनी सांगितलं.

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळल्या.

"मंगळवारी तुझी शाळा किती वाजता सुटते?"