मुद्देमाल खोलीतला भोंगा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात ओल्या भिंतीचा वास येतो. नोकरीत मी काही गुन्हे उघडकीस आणले, काही आपोआप उघडले. निव्वळ माझ्या चुकीमुळे उघडकीला आलेला गुन्हा मात्र हा एकच. त्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि मीही ती मुकाट्याने पुढे केली.

पावसाळ्याचे दिवस होते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक ठाण्यात आले. त्यांचे जुने कॉमिक चोरीला गेले होते. मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही.

"म्हणजे पोरांचं चित्रांचं पुस्तक?"

"व्हय. पण पहिला अंक हाय तो. तसला आता बघायला मिळत न्हाय."

"वर्णन सांगा."

"लहानपणी ग्राउंडवर फुटबॉल बघाय गेलो की त्याचाच भोंगा करून वरडत हुतो. आक्खं पुस्तक तिरकं वळलंय. एका कोपऱ्याकडं निमुळतं, दुसरीकडं पसरट."

फिर्यादीत मी लिहून घेतले, 'पुस्तकास भोंग्याच्या आकाराची तिरकी वळणे आहेत.' ठाणे अंमलदार तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला.

मास्तरांनी ते पुस्तक सपाट करून घ्यायला पेठेतल्याच एका टी-शर्ट छापणाऱ्याकडे दिले होते. चाळिशीचा गडी, मंडळांचे टी-शर्ट आणि फुटबॉल संघांच्या जर्सी छापायचा. त्याच गरम दाबाच्या मशीनवर तो जुनी कॉमिक्स प्रेस करायचा. असाही धंदा असतो हे मला तेव्हा कळले. संग्रह करणाऱ्यांना म्हणे पुस्तक कोरे करकरीत दिसावे लागते. मास्तरांचे पुस्तक मशीनमधून काढून त्याने वजनाखाली थंड व्हायला ठेवले होते आणि तिथूनच ते गायब झाले.

संशयित ठरवायला मला पाच मिनिटे पुरली. हा गडी मास्तरांच्या संघाच्या कट्टर विरोधी संघाच्या जर्सी छापतो, असे कळले. झाले! हेतू सापडला. सामना हरल्यावर सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत, असे कोल्हापुरात मी डोळ्यांनी पाहिलेले. पुस्तक लपवून त्याने जुना वचपा काढला, असा माझा सिद्धान्त. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी तो खुर्चीत रेलून, पाय लांब करून मांडला होता.

जर्सीवाल्याला समोर बसवले. त्याने मोबाईलवर पुस्तकाचा फोटो दाखवला. काम हातात घेण्याआधी तो प्रत्येक पुस्तकाचा फोटो काढायचा. फोटोत भोंग्याची वळणे स्पष्ट दिसत होती.

"आणि प्रेस केल्यावरचा?"

"तो गिऱ्हाइकाला देताना काढतोय साहेब. देण्याआधीच गेलं की."

"सोयीचं आहे."

मग तो कामाची पद्धत सांगू लागला. कागदाला हलका दमटपणा द्यायचा, बेताची ऊब द्यायची, मग दिवसच्या दिवस वजनाखाली ठेवायचे. "आणि साहेब, नंतर कोरडं जपाय लागतंय. ओल लागली की जुनं वळण परत वर येतंय."

मला वाटले, गडी वेळ काढतोय. लेखनिकाला म्हणालो, "लिही तेपण. जबाब जरा भरलेला दिसेल."

मग मी तपासकामी त्याचे मशीनच जप्त केले. तो हात जोडून उभा राहिला. "साहेब, मला रोज बोलवा, दिवसभर बसवा. पण मशीन नगा नेऊ. गणपती तोंडावर आल्यात. मंडळवाली आत्ताच म्हणाय लागल्यात, चोराकडं कशाला टाकायचं काम."

मी मशीन नेले. एकेक करून मंडळांनी आपले काम दुसरीकडे वळवले. गडी रोज सकाळी ठाण्याच्या दारात येऊन उभा राहायचा. मशीनबद्दल चकार शब्द काढायचा नाही. फक्त विचारायचा, "घावलं का साहेब?"

आठवड्याने आमचा एक खबऱ्या, रद्दीवाला, आला. "साहेब, तुमचं पुस्तक बघून आलो. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन लागलंय, तिथं काचंत ठेवलंय."

गेलो. पुस्तक एका प्रतिष्ठित संग्राहकाचे निघाले. पांढरा सदरा, मऊ आवाज. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. पुस्तक आरशासारखे सपाट होते.

"दहा वर्षांपूर्वी पुण्यात घेतलं. कधी घडी नाही, कधी गुंडाळी नाही. दोन पुठ्ठ्यांत ठेवलेलं असतं," ते म्हणाले. मी तीनदा विचारले, तीनदा तेच सांगितले. जबाबावर सुबक सही केली.

माझी खात्री पटली की माणूस सज्जन आहे. तरी पुस्तक जप्त केले, कारण रद्दीवाला दारातून माझ्याकडे बघत होता. पंचनाम्यात लिहिले, 'पुस्तक पूर्ण सपाट, वळण नाही.' प्लास्टिकच्या जाड वेष्टनासकट ते लखोट्यात जाईना, म्हणून वेष्टन मी काढून टाकले. पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचे सील ठोकले.

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार घाटाजवळच्या, धो धो पावसाच्या मलकापूरकडचे. पाऊस काय असतो ते त्यांना कुणी शिकवायला नको. ते म्हणाले, "साहेब, त्या फळीमागची भिंत पाझरत्या. दुसरीकडं ठेवू?"

"पुस्तकच आहे हो, भाकरी आहे का बुरशी यायला? ठेवा तिथंच."

पंधरा दिवसांनी ओळख पटवण्याचा पंचनामा ठेवला. मास्तर, संग्राहक, जर्सीवाला, पंच, सगळे माझ्या टेबलाभोवती. हवालदारांनी लखोटा आणला. सील शाबूत होते, पण लखोटा फुगून मऊ पडला होता. मी सील तोडले, पुस्तक काढून टेबलावर ठेवले.

आणि ते आमच्या डोळ्यांदेखत वळू लागले. आधी कोपरा उचलला. मग पानांमागून पाने तिरकी होत गेली. एका बाजूला निमुळते, दुसरीकडे पसरट.

मास्तर खुर्चीवरून ताडकन उठले. "भोंगा! माझा भोंगा!"

जर्सीवाल्याने मोबाईल टेबलावर ठेवला. फोटोतले वळण आणि टेबलावरचे वळण हुबेहूब एकच. मी त्याचा जबाब मागवला आणि केवळ जागा भरायला लिहून घेतलेले, ओल लागली की जुने वळण परत येते, ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. जणू हा सगळा माझाच बेत होता! मग संग्राहकाचा जबाब वाचून मी त्यांना म्हणालो, "कधी गुंडाळी नाही. तीनदा सांगितलंत साहेब. मग हा भोंगा पुठ्ठ्यांत बसून कुणी केला?"

त्यांनी त्याच मऊ आवाजात कबुली दिली. स्वतःची पुस्तके न्यायला ते दुकानात गेले होते. जर्सीवाला चहा सांगायला बाहेर गेला, तेवढ्यात वजनाखालचे पुस्तक त्यांनी आपल्या गठ्ठ्यात सरकवले. चहा त्यांच्यासाठीच सांगितला होता, आणि तो पिऊनच ते गेले होते.

हवालदार माझ्या कानाशी आले, पण त्यांची कुजबुज मास्तरांपर्यंत पोचली. "साहेब, भिंतीचा जबाब घ्यायचा का?"

न्यायालयाच्या आदेशाने पुस्तक मास्तरांना आणि मशीन जर्सीवाल्याला मिळाले. मशीन पोचवायला मी स्वतः गेलो. गाडीतून उतरवताना एका बाजूला हवालदार आणि दुसऱ्या बाजूला गणवेशातला मी. माझी कंबर अजून ते वजन विसरलेली नाही. दोन मंडळांची पोरे दारात आधीच ऑर्डर घेऊन उभी होती.

या केसपासून मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही धंद्यातला माणूस समोर आला, की तू त्या दिवशी कुठे होतास हे नंतर. आधी तुझी वस्तू कशी वागते ते सांग, असे म्हणून मी ऐकत बसतो. त्या गड्याने मला सगळी केस पहिल्याच दिवशी सांगितली होती.

मास्तरांनी पुस्तक पुन्हा प्रेस करून घेतले नाही. "हाय तसंच बरं हाय," म्हणाले. मशीन उतरवले त्या दिवशी ते जर्सीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर चढले, पुस्तक अलगद वळवून तोंडाला लावले आणि भर पेठेत ओरडले,

"ऐका हो ऐका! ह्यो गडी चोर न्हाय! सायबांनी स्वतः शोधून काढलंय!" मग भोंगा माझ्याकडे वळवून जरा दम घेतला. "भिंतीला इचारून!"